निळ्या पुठ्ठ्यातलं गाणं

‘उद्या’ या शब्दावर ऑरिएल डेनचा आवाज फुटला. फार नाही, पेल्याला तडा जावा पण पाणी सांडू नये, इतकाच. झोपाळा नेहमीसारखा पुढच्या खुर्च्यांवर झेपावला, दोरांना गुंडाळलेली कागदी फुलं सळसळली, तिने मान मागे टाकली, तोंड उघडलं, आणि अडीचशे खेळ हाक मारताच धावत आलेला सूर आज आलाच नाही. त्याच्या जागी जे निघालं ते अर्धं श्वास होतं आणि अर्धं ओरखडा. तिने प्रसंग ओळखून हसून घेतलं, जणू तिच्या भूमिकेतली, पोस्टमनची वाट पाहणारी टोपीच्या दुकानातली अल्लड पोरगीच हसते आहे. झोपाळा मागे गेला, परत आला, उरलेलं कडवं तिने कसंबसं किनाऱ्याला लावलं. टाळ्या पडल्या. बुधवारचा दुपारचा खेळ. दुपारच्या बायका डोक्यावरच्या टोप्या काढत नाहीत आणि मांडीवरचे चहाचे ट्रे खाली ठेवत नाहीत. कपबशांच्या त्या किणकिणाटात वर बाई गाते आहे की मांजर, हे त्यांना कितपत कळत असेल देव जाणे. पण झोपाळ्यावरून उतरताना तिची नजर विंगेत गेली. तिथे डिलिस उभी होती, कोरसमधली वेल्सची पोर, तिची बदली. ऑरिएल आजारी पडली तर हे गाणं म्हणायचं, म्हणून रोज विंगेत उभं राहून ते ऐकायचं, एवढंच तिचं काम. डिलिसने शेजारच्या पोरीकडे तोंड वळवलं आणि बोलण्याआधी पंखा ओठांसमोर धरला.

पंख्यामागे काय बोलली असेल? ऑरिएलला एरवी पन्नास पावलांवरून लोकांचे ओठ वाचता येत. ही विद्या तिला नाटकाने दिली नव्हती. ओल्डमच्या गिरणीत, चारशे मागांच्या खडखडाटात, दहाव्या वर्षी अर्ध्या पाळीवर लागलेल्या हॅना क्लेगला, म्हणजे तेव्हाच्या तिलाच, ती आईने शिकवली होती. तिथे आवाजाला किंमतच नव्हती. बायका तोंडं मोठी करून, ओठ ताणताणून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्ख्या गावाची उणीदुणी काढायच्या आणि मुकादमाला पत्ता लागायचा नाही. रंगमंचावरून तिने किती वर्षं पुढच्या रांगा अशा वाचल्या होत्या. ‘पोस्टकार्डावर याहून तरुण दिसते.’ ‘हा झगा गेल्या नाटकातलाच तर नव्हे?’ एका मेजवानीत शँपेनच्या भरात तिने हे गुपित साऱ्या मंडळीला हसत हसत सांगून टाकलं होतं. तेव्हापासून पोरी तिच्यासमोर जरा सांभाळून बोलत. पण गेल्या काही महिन्यांत पंखे जरा जास्तच वर जाऊ लागले होते, आणि ही गोष्ट तिच्या ध्यानात यावी ती नेमकी आज.

खोलीत आल्या आल्या तिने कपडेवालीला विचारलं, "पार्जेटर, तुला ऐकू आलं?"

"काय?" पार्जेटर तिच्या पाठीवरचे हूक सोडवत होती. सोळा वर्षं तीच सोडवत आली होती.

"उद्या."

"रोजच येतं की ऐकू. तुमचं ‘उद्या’ झालं की मी इस्त्री खाली ठेवते नि तिसऱ्या प्रवेशाचा झगा काढते. आजही काढला."

"आज कसा लागला?"

"आज इस्त्री फार तापली होती, बाईसाहेब. माझा सगळा जीव त्या लेसमध्ये."

पार्जेटरला खोटं बोलता येत नसे. बोलायला लागली की तिच्या मानेवर लाल डाग उठत. ऑरिएलने आरशात पाहिलं. डाग उठले होते.

"बरं नसेल तर मिस्टर गोल्डिंगना कळवू का? रात्री त्या पोरीला उभं करतील. एका रात्रीनं काय बिघडतंय?"

"आजच्या रात्रीनं सगळं बिघडतं," ती म्हणाली. ते खरंच होतं. नाटक दहा महिने चाललं होतं आणि तीन आठवड्यांनी त्याची दुसरी आवृत्ती यायची होती. नवे कपडे, नवे विनोद, नवी गाणी घालायची, म्हणजे तेच प्रेक्षक पुन्हा तिकीट काढतात. दुसऱ्या आवृत्तीत कोणाचं गाणं राहतं आणि कोणाचं उडतं, यावर या धंद्यात माणसं जगतात आणि मरतात. नायिकेचं नवं गाणं बांधायला नाटकाचा मालक गोल्डिंग याने ओर्म नावाचा एक नवा संगीतकार धरला होता, आणि आज रात्री त्याला बॉक्समध्ये शेजारी बसवून तो तिचा आवाज ऐकवणार होता. शिंप्याने कंबर मोजावी तसा तो तरुण तिचा गळा मोजणार. त्याच्यासमोर ‘उद्या’ फुटला तर नवं गाणं डिलिसचं. आणि गाणं काढून घेतलेली सदतीस वर्षांची नायिका (जाहिरातीत एकोणतीस) पुढे कुठे जाते ते तिला पाठ होतं. आधी नायकाच्या मावशीचं काम, मग समुद्रकिनाऱ्यावरच्या धक्क्यांवरचे स्वस्त करमणुकीचे खेळ, तिथे पावसात छत्र्या उघडून बसलेले पंधरा लोक.

तिला पाठ होतं, कारण एकीला तिनेच त्या वाटेला लावलं होतं. निदान वाटेवरचं गवत तरी तिनेच कापलं होतं. ॲडेला कॉरी. तेव्हा हॅना क्लेगची ऑरिएल डेन होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. कोरसच्या दुसऱ्या रांगेत ती उभी राहायची आणि विंगेतून ॲडेलाबाईंचं गाणं पाठ करायची, डिलिस आता करते तसंच. एका हिवाळ्यात ॲडेलाबाईंनी बँडमास्तरांना सर्वांदेखत सांगितलं, "पट्टी जरा उतरवा हो, माझा जीव जातो." उघड सांगितलं, बिचारीनं. पोरी फिदीफिदी हसल्या. आणि कोणीतरी त्यांचं नाव ‘तळघर’ ठेवलं. कोणीतरी कशाला, हॅनानेच. नाव असं चिकटलं की सामान वाहणारे गडीसुद्धा म्हणू लागले, "व्हा बाजूला, तळघर येतंय." त्या नाटकाच्या दुसऱ्या आवृत्तीत ॲडेलाबाईंचं गाणं हॅनाला मिळालं, मूळ पट्टीत, आणि दुसऱ्या दिवशी पेपरांनी तिचं नाव छापलं. आज इतक्या वर्षांनी तिला प्रश्न पडला की त्या बाईंना ते नाव कळलं होतं का. कळलं असणारच. या इमारतीत भिंतींना कानच काय, जीभही असते. मग त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न आला. आपल्याला काय म्हणत असतील?

ती बाहेर पडली. जूनची लांबलचक संध्याकाळ, उन्हं अजून छपरांवर होती. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर घोड्यांच्या आणि मोटारींच्या गर्दीतून वाट काढत ती खाली नदीकडे वळली. बुरखा नाकापर्यंत ओढला होता, तरी एका दुकानाच्या काचेतल्या पोस्टकार्डांवरून तिने स्वतःला अकरा वेळा हसताना पाहिलंच. घसा दुखत नव्हता, हेच भयंकर. दुखला असता तर सर्दी म्हणता आली असती, डॉक्टरकडे जाता आलं असतं. जानेवारीत इन्फ्लुएंझाने तिला तीन आठवडे अंथरुणात ठेवलं तेव्हा सगळं कसं रीतसर होतं: ताप, खोकला, फुलांच्या टोपल्या, डिलिसला तिच्या जागी उभं केल्याची चिडचिड. आणि फेब्रुवारीत ती परतली तेव्हा आवाज पूर्वीपेक्षा सोपा, पूर्वीपेक्षा मोकळा झाला होता. तिने साऱ्या जगाला सांगितलं होतं, पोर्ट वाइनमध्ये फेटलेलं कच्चं अंडं, रोज सकाळी, अनशापोटी. एका मासिकाने ते छापलंही. या वसंतात मी जशी गातेय तशी पंचविसाव्या वर्षीही गायले नव्हते, असं ती कालपरवाच बँडमास्तर बॅसेटला म्हणाली होती, आणि म्हातारा म्हणाला होता, "तुम्ही गात राहा, मिस डेन." मग कालपासून आजपर्यंत काय झालं? आवाज असा एका रात्रीत जातो का? जात असेल. गिरणीतल्या बायकांचे कान असेच जायचे. एक दिवस शेजारीण सांगायची, अगं, चर्चची घंटा वाजतेय, आणि बाई म्हणायची, कुठं?

आईचे कान असेच गेले. आईला नाटक म्हणजे पाप. चॅपेलमध्ये बाकावर बसून जे म्हणतात तेच गाणं, बाकी सगळी सैतानाची शिट्टी. तरी एकदा, कंपनी मँचेस्टरला आली असताना, ती काळी टोपी घालून दुपारच्या खेळाला आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. ठार बहिरी. गाणं तिने लेकीच्या ओठांवरून वाचलं. नंतर मागच्या दाराशी भेटली तेव्हा खोलीत यायला तयार होईना. "बोल समदे सरळ हायेत तुझे, हॅना," एवढंच म्हणाली, "वंगाळ कायबी न्हाई त्यात." आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. त्या दुपारी हॅना बेसूर गायली असती तरी आई हेच म्हणाली असती. जगात एक तरी माणूस असं होतं, याची आठवण आता नदीकाठच्या कठड्याशी उभी असताना तिला आली आणि डोळे भरून आले, आणि मग रागही आला, कारण डोळे भरले की नाक भरतं आणि नाक भरलं की आवाज आणखीच बसतो. नदीतून एक बोट भोंगा वाजवत निघाली होती. त्या भोंग्याच्या आडोशाने तिने तोंड उघडलं आणि ‘उद्या’ म्हणून पाहिलं. लागला. अगदी सहज लागला. पुन्हा म्हटलं, पुन्हा लागला. पण कुठल्या पट्टीत? तिला काय कळणार! चॅपेलच्या रविवारच्या शाळेत फळ्यावर सूर अक्षरांनी लिहीत, आणि मास्तर काठी जिथे ठेवील तिथे ‘सा’. तिचा सा कायम असा पाहुण्यासारखा, नेऊन बसवाल तिथे बसायचा. पुढच्या पाचरेषांच्या स्वरलिपीच्या भानगडीत ती कधी पडलीच नाही, त्यावाचून काही अडलं नाही. एक फेरीवाला थांबून तिच्याकडे पाहू लागला तशी ती झटक्याने वळली.

सात वाजता ती रंगमंचाखालच्या बॅसेटच्या खोलीत गेली. दुपारी म्हातारा नातवाच्या बारशाला क्रॉयडनला गेला होता, आणि त्याच्या खुर्चीवर कोणी बदली बसला होता. हे नित्याचंच. बुधवारी दुपारी निम्मा वाद्यवृंद बदल्यांचाच असतो. बरं काम दुसरीकडे मिळालं की वादक आपल्या जागी भाऊबंदाला बसवून पसार होतात. बॅसेट कोट काढून सॉसेज खात होता. तिला पाहून उठला.

"बसा, बॅसेट. आज माझं गाणं काढून टाका."

"काढून टाका? मिस डेन, ते गोल्डिंग येतायत ते गाणं ऐकायलाच."

"म्हणूनच. माझा आवाज गेला." बोलून टाकून ती त्याच्या पेटाऱ्यावर बसली. "दुपारी फुटला. वरचा सूर आलाच नाही. मला रात्री त्या पोरासमोर... बॅसेट, मला भीती वाटतेय हो. मी खोटं नाही बोलत."

बॅसेटने काट्याने सॉसेजचा तुकडा उचलला. मग तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला. वाईट बातमी खोटी निघाल्यावर माणसाचा उजळतो, तसाच.

"फुटला? अहो, फुटणारच! त्या गाढवानं तपकिरी पुठ्ठा लावला असणार! कपाटात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत, मी त्याला सांगायचं विसरलो. आपण निळ्या पुठ्ठ्यातले कागद वाजवतो, तपकिरी नव्हे. आवाजबिवाज काही गेला नाही तुमचा, बाई. फेब्रुवारीपासून आपण..."

आणि तिथे तो थांबला. सॉसेजचा तुकडा काट्याला तसाच लटकत राहिला.

"फेब्रुवारीपासून काय?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने काटा खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि मग त्याने खरं सांगितलं, कारण आता दुसरं काही सांगण्याजोगं उरलं नव्हतं. तापानंतर ती परत आली त्या सोमवारी, पियानोवर तालीम करताना, त्याने तिला ऐकलं होतं आणि वरचा सूर गेलेला त्याच्या ध्यानात आला होता. त्या रात्री बसून त्याने सगळ्या वाद्यांचे कागद एक अख्खा सूर खाली उतरवून लिहिले आणि निळ्या पुठ्ठ्यात घातले; मूळ पट्टीतले तपकिरीत तसेच राहिले. ती रंगमंचावर परत उभी राहण्याआधी. तिला न विचारता.

"तुम्ही इतक्या खूश झालात," तो म्हणाला. "म्हणालात, बॅसेट, अंड्याचा गुण. मग मी काय बोलणार?"

तिला हसू आलं. खरंच आलं, आणि ते हुंदक्यावर जाऊन आदळलं. आवाज एका दुपारात गेला नव्हता म्हणायचा. चार महिन्यांपूर्वी गेला होता, आणि ती मात्र अंड्याची कृती मासिकांना देत बसली होती. दुपारपासून ज्याची भीती वाटत होती ते पुढे नव्हतंच, ते मागे होऊन गेलं होतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी वाटली ती लाज, आणि तीही साऱ्या अंगाला वाटली, कपड्यांशिवाय गर्दीत उभं असल्यासारखी.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"वाद्यवृंदाला तर सांगावंच लागलं."

"आणि पोरींना?"

"त्यांना कान आहेत, मिस डेन. त्या डिलिसला तर पहिल्याच रात्री कळलं. माझ्याकडे आली. मला वाटलं बोंबलणार. तर म्हणाली, मास्तर, मी दोन्ही पट्ट्यांत पाठ करून ठेवते, त्यांना कळायला नको."

"मला काय म्हणतात त्या? खरं सांगा. नाव काय ठेवलंय?"

बॅसेटने डोकं खाजवलं. "नाव? काही नाही हो. मिस डेन म्हणतात."

हे ऐकून तिला सर्वांत जास्त लागलं. शिवी खाल्ली असती तर फेडल्यासारखं झालं असतं. तिने ॲडेलाबाईंना जे दिलं होतं ते तिला कोणी दिलंच नव्हतं. अख्ख्या इमारतीने, बासरीवाल्यापासून झाडूवाल्यापर्यंत, चार महिने पायाखाली उशी सरकवावी तसं तिला सांभाळलं होतं, आणि ती त्या उशीवर उभी राहून आपण उंच झालो म्हणून मिरवत होती. गोल्डिंगला माहीत नव्हतं. गोल्डिंगला ताल कळतो, तिकीटबारी कळते. सुराशी त्याचा संबंध नाही.

"रात्री निळाच लावतो," बॅसेट हळूच म्हणाला. "गोल्डिंगच्या बापाला कळणार नाही."

"त्या ओर्मला कळेल."

"कळेल," बॅसेटने कबूल केलं. "पण बोलेल असं नाही. नवा आहे, घाबरट आहे."

रात्री ती झोपाळ्यावर बसली तेव्हा निळाच लागला होता. आता कळत असल्यामुळे प्रत्येक सूर तिला ओळखीच्या घरात खालच्या दाराने शिरल्यासारखा वाटला. ‘उद्या’ आला, शहाण्या मुलासारखा आला, न दमता, न रुसता. झोपाळा पुढे गेला तेव्हा बॉक्समध्ये गोल्डिंगचा पांढरा शर्ट दिसला आणि शेजारी एक सडपातळ मुलगा, मान खाली घातलेला, डोळे मिटलेला. टाळ्यांचा पाऊस पडला. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदाही तो तितक्याच सहज आला, आणि हे सहज येणं तिला इतकं नकोसं झालं की शेवटच्या ओळीला तिने झोपाळ्याचा दोर घट्ट आवळून धरला.

मध्यंतरात गोल्डिंग बॉक्समधून रंगमंचामागे उतरणाऱ्या जिन्यावर भेटला. बटनहोलमध्ये गार्डेनियाचं फूल, तोंडात सिगार. "वाहवा! ऐकलंत ना, ओर्म? मी म्हणत नव्हतो? काय चढतो आवाज! नव्या गाण्यात याच्याही वर न्या. दोन सूर वर. लंडन वेडं झालं पाहिजे."

ओर्मचे कान लाल झाले होते. तो तिच्याकडे पाहीना. त्याला कळलं होतं. कागदावर छापलेलं मूळ गाणं त्याने पाहिलेलं असणार, आणि तो आता सभ्यपणाने आपल्या बुटांकडे पाहत उभा होता. म्हणजे आणखी एक जण सामील झाला. आपण गप्प राहिलो तर हा आज रात्री घरी जाऊन सगळं गाणं खाली लिहील, वर जातंय असा नुसता देखावा करील, आणि गोल्डिंगला म्हणेल, हे घ्या, दोन सूर वर. आपल्यासाठी खोटं बोलेल. चांगला मुलगा आहे. जिन्यावर कोरसच्या पोरी कपडे बदलून उतरत होत्या, त्यांत डिलिसही होती. ती थबकली तशी मागच्या सगळ्या थबकल्या. ऑरिएलने हातमोज्याचं बटण सोडलं.

"मिस्टर ओर्म," ती म्हणाली, "माझे नऊ सूर धड आहेत. तेवढ्यांत लिहा."

"हे काय नवीन?" गोल्डिंग हसला. "ऑरिएल, थट्टा पुरे."

"कुठले नऊ?" ओर्मने विचारलं. पहिल्यांदाच त्याने वर पाहिलं होतं. खिशातून पेन्सिल काढून त्याने शर्टाच्या बाहीचा कफ पुढे ओढला.

तिने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि खालून सुरुवात केली. शब्द नव्हते, झोपाळा नव्हता, खाली वाजवायला बॅसेट नव्हता. एकेक सूर तिने पूर्ण म्हटला, ठेवला, आणि पुढचा घेतला. ओर्म प्रत्येकाची खूण करत होता. वर कोणी खोकललं नाही. गोल्डिंगचा सिगार विझला. आठवा आला तेव्हा तिच्या मानेची शीर ताणली, नववा तिने दोन्ही हातांनी कठडा धरून म्हटला, तो खरा लागला, आणि ती थांबली.

ओर्मची पेन्सिल कफवर तशीच थांबून होती. "आणि दहावा?"

"दहावा फेब्रुवारीत गेला," ती म्हणाली. "मला आज कळवलं."